स्वतःचा घास

अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेच्या दप्तरात बालकाचे वजन असते, उंची असते, दंडाचा घेर असतो, लसीकरणाच्या तारखा असतात, घरपोच आहाराची पाकिटे कोणत्या महिन्यात किती पोहोचली याचा तपशीलवार हिशेब असतो. परंतु ते बालक दुपारी कशाशी काय जेवले, कोणाच्या हाताने जेवले आणि जेवताना त्याच्याजवळ कोण बसले होते, याची नोंद करण्यासाठी मात्र एकही रकाना नसतो. लातूर जिल्ह्यातील औसा, निलंगा, उदगीर या काळ्या मातीच्या तालुक्यांत आणि पुढे बदली होऊन नांदेड जिल्ह्यातील बिलोली, देगलूर व किनवट या भागांत मी जी वर्षे काम केले, त्या साऱ्या काळात माझी जिज्ञासा या न छापलेल्या रकान्याभोवती फिरत राहिली, आणि गृहभेटीस गेले की नोंदवही उघडण्यापूर्वी माझा पहिला प्रश्न हाच असे, की काल दुपारी लेकराने काय खाल्ले आणि ते कोणी भरवले.

उत्तर बहुधा एकच येई. "लेकरू काहीच खाईना, बाई. हातात द्यावं तर सांडवतंय, भरवावं तर तोंड फिरवतंय." वर्ष ओलांडलेल्या बालकाची सारी कैफियत या दोन वाक्यांत आलेली आहे. त्याला आता स्वतःच्या हाताने खायचे असते. घरातल्या माणसांना अन्न सांडलेले पाहवत नाही. आणि या ओढाताणीत दुपारची वेळ टळून जाऊन शेवटी चहात बुडवलेल्या बिस्किटावर तडजोड होते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तीन ते सहा वर्षांची बालके अंगणवाडीत पंगतीला बसून गरम ताजा आहार घेतात हे आज सर्वांना ठाऊक आहे. पण सहा महिने ते तीन वर्षे या वयाचे बालक घरीच जेवते. माझ्या सेवाकाळात त्याच्या वाट्याचा पाचशे उष्मांकांचा आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनांचा पूरक आहार शिरा, उपमा, सुकडी अशा पाकिटांतून घरी रवाना होई आणि घरी गेल्यावर तो भावंडांत वाटला जाई, ज्यात त्या माउलीचा काही अपराध आहे असे मला कधीही वाटले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे हा विचार पुढे प्रत्यक्ष आचरून दाखविला. आहाराच्या बाबतीतही तोच न्याय लावावा लागतो, कारण एक ते तीन वर्षांच्या बालकाचे पोषण शेवटी घरच्या चुलीपाशीच ठरते.

सांडण्याविषयीचा आक्षेप मी कधी हसण्यावारी नेला नाही. ज्या प्रदेशाने १९७२ चा दुष्काळ भोगला आणि ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून द्यावे लागले, त्या प्रदेशातील आजीला भुईवर पडलेले शीत पाहून कष्ट होणे हे तिच्या संस्काराचे लक्षण आहे, आणि त्या संस्काराचा मान राखूनच मार्ग काढावा लागतो. मार्ग साधा आहे. बालकासमोर धुतलेले धडपे अंथरावे, त्यावर काठाची थाळी ठेवावी, तिच्यात एका वेळी दोन-तीन घासांपुरतेच अन्न वाढावे आणि ते संपल्यावर पुन्हा वाढावे. धडप्यावर पडलेले उचलून परत थाळीत घालता येते, थाळी रिकामी झाल्याचा आनंद बालकास पुनःपुन्हा मिळतो, आणि पाण्याचा तुटवडा असला तरी त्याचे दोन हात साबणाने धुण्यास एक तांब्या पुरतो.

बालकाच्या हाताची प्रगती एका क्रमाने होते आणि जेवणाचा आकार त्या क्रमाला धरून असला पाहिजे, ही गोष्ट समजल्यावर मातांची निम्मी चिंता दूर होते. सात-आठ महिन्यांचे मूल सबंध मुठीने वस्तू धरते, म्हणून त्याला मुठीबाहेर टोक येईल असा लांबट, मऊ तुकडा हवा. नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांची चिमूट साधते, तेव्हा शिजलेला वाटाणा किंचित दाबून पुढे ठेवला तर तो एकेक दाणा उचलण्यात ते रंगून जाते. चमच्याचे म्हणाल तर वर्षानंतर ते तो हाती घेते खरे, पण तोंडाशी जाईपर्यंत तो उलटा होतो, आणि मनगटाचे हे वळण साधण्यास दीड-दोन वर्षांचे वय यावे लागते. म्हणून चमच्याने खाण्याचे अन्न घट्ट असावे. आपल्याकडे डाळीचे पाणी बाळाला फार पौष्टिक अशी समजूत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्याशी मला सर्वांत अधिक झगडावे लागले. बालकाचे जठर त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीस ग्रॅम अन्न सामावून घेते, म्हणजे दहा किलोच्या बालकाचे पोट तीनशे ग्रॅममध्ये भरते. ते वरच्या पाण्यानेच भरले तर खालची डाळ कुठे मावणार? घट्ट वरण, त्यात चमचाभर तूप अथवा आमच्या भागातले करडईचे तेल, आणि दिवसातून तीन-चार जेवणे व मध्ये एक-दोन वेळा खाऊ, एवढे सांभाळले म्हणजे लहान पोटालाही पुरेसे अन्न मिळते. पेज फार घट्ट वाटली तर तिच्यात पाणी ओतण्याऐवजी मोड आणून वाळवलेल्या गव्हाचे पीठ चमचाभर टाकून शिजवावे. पेज पातळ होते आणि तिचे सत्त्व मात्र उणे होत नाही.

वैविध्याचा प्रश्न निघाला की माता सफरचंदाचे आणि डब्यातल्या परदेशी भुकटीचे नाव घेत. मी त्यांना त्यांच्याच घरातील उतरंडीकडे आणि फडताळाकडे वळवीत असे. जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने ते दोन वर्षांच्या बालकांसाठी अन्नाचे आठ गट मानले असून त्यांपैकी निदान पाच गट दिवसभरात पोटात जावेत असा दंडक घातला आहे. आईचे दूध हा त्यातला पहिला. ज्वारी, गहू, भात, रताळे हा दुसरा. तूर, मूग, हरभरा, तीळ, शेंगदाणा हा तिसरा. दही-ताक हा चौथा. आणि उरलेल्यांत अंडी, मांस-मासे, पालेभाजी-गाजर-पपई यांचा एक गट व इतर भाज्या-फळांचा एक. औशाच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीदेखील हे पाच गट पुष्कळ दिवस हजर असतात. अडचण इतकीच, की ते बालकाच्या हाताला आणि हिरड्यांना झेपतील अशा रूपात त्याच्यापुढे येत नाहीत.

त्यातली सर्वांत मोठी आडकाठी तिखटाची. मराठवाड्याची जीभ येसराच्या आमटीवर आणि शेंगदाण्याच्या झणझणीत चटणीवर पोसलेली आहे, आणि वेगळे रांधण्यास शेतावर जाणाऱ्या बाईपाशी सरपण नाही, वेळही नाही. म्हणून मी एकच नियम गावोगाव सांगत फिरले, की तिखट घालण्याआधी लेकराचे काढून ठेवावे. वरणाला फोडणी बसण्यापूर्वी वाटीभर घट्ट वरण, भाजीत मसाला पडण्यापूर्वी दोन फोडी, धपाट्याच्या पिठात चटणी मिसळण्यापूर्वी एक गोळा: एवढे बाजूला काढले की स्वयंपाक तोच राहतो आणि बालकाचे ताटही सजते. या गोळ्याचे धपाटे पातळ थापून, तेलावर मऊ भाजून त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्या आणि शेजारी घट्ट दही ठेवावे. पट्टी दह्यात बुडवून चोखण्याचा उद्योग दहा महिन्यांचे मूल तन्मयतेने करते. सकाळची भाकरी दुपारी कडक होते, तीच ताकात वा वरणात भिजवून कुस्करली तर चमच्याला चिकटून राहील असा काला होतो. मूग व तांदूळ रात्री भिजवून सकाळी वाटले तर त्याची मऊ धिरडी होतात, आणि त्यात बारीक चिरलेली मेथी किंवा किसलेला भोपळा कोणाच्या नजरेस न येता सामावतो. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवाव्या. चुरमुऱ्यांची सुशीला, जी आमच्याकडे पाहुण्यांपुढे हमखास येते, ती हिरवी मिरची व अख्खे शेंगदाणे वगळून, चुरमुरे अधिक भिजवून आणि दाण्याचा बारीक कूट घालून केली तर दीड वर्षांच्या बालकाच्या चिमटीला ती फार मानवते. शेवग्याच्या शेंगेतील गर चमच्याने खरवडून भातात कालवावा. रताळे उकडून त्याच्या फोडी कराव्या. अंडे कडक उकडून त्याचे चार भाग करावे. फळांना तर वर्षभर खळ नाही. अर्धापूरच्या बागांमुळे नांदेडकडे केळी मुबलक, पावसाळ्यानंतर सीताफळे येतात (त्यांच्या बिया मोठ्यांनी काढून देणे आवश्यक), आणि परसातल्या पपईची पिकलेली फोड, जिला गुळगुळीतपणामुळे बोटे धरू शकत नाहीत, ती तिळाच्या कुटात घोळवली की हातातून निसटत नाही. अलीकडे २०२४ मध्ये लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हां सर्वांना अभिमान वाटला. त्या डाळीचे वरण खाऊन वाढलेली मुले मी पाहिली आहेत, आणि मानांकनाच्या पुष्कळ आधीपासून निलंगा तालुक्यातील मातांना मी आवर्जून सांगत असे की तुमच्या घरात हे धन आहे, ते पहिल्यांदा घरच्या सर्वांत लहान ताटात पडू द्या.

या संदर्भात मला वेळ अमावास्येचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मार्गशीर्षातील या अमावास्येला, जिला लोक येळवस म्हणतात, लातूर-धाराशिवकडची गावे सकाळीच ओस पडतात आणि सारी कुटुंबे आपापल्या रानात जाऊन कडब्याच्या कोपीत पूजा मांडून तिथेच जेवतात. त्या दिवशीचे जेवण मी बालआहाराच्या दृष्टीने बारकाईने पाहिले आहे, आणि एक ते तीन वर्षांच्या बालकासाठी वर्षभरात याहून उत्तम ताट क्वचितच वाढले जात असेल असे माझे मत झाले आहे. हरभरा, तूर, वाटाणा यांचे कोवळे सोले, हंगामातल्या पालेभाज्या, गाजर अशा अनेक जिनसा बेसनात एकत्र शिजवलेली भज्जी इतकी मऊ व घट्ट असते की चमचा उलटा झाला तरी ती पडत नाही. वाफवलेले बाजरीचे उंडे मुठीत अचूक बसतात. सोबत ज्वारीची आंबील आणि गव्हाची खीर. भज्जीतले अख्खे शेंगदाणे तेवढे वेचून काढायचे. आणखी एक गोष्ट अशी, की त्या दिवशी आई-बाप, आजी-आजोबा, आलेगेले सगळे जमिनीवर मांडी घालून एकत्र बसलेले असतात, कोणालाही घाई नसते, आणि एरवी घासाला तोंड फिरवणारे मूल मोठ्यांच्या हाताकडे पाहत पाहत आपणहून जेवते. त्या रानातल्या पंगतीत मी ज्या मातांना हे दाखवून दिले, त्यांना पुढे कोणत्याही तक्त्याची गरज भासली नाही.

मूल एखादा पदार्थ नाकारते म्हणून तो कायमचा बंद करण्याची घाई सर्वत्र दिसते. संशोधकांनी पुष्कळ निरीक्षणानंतर असे दाखविले आहे की नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी बालकापुढे तो आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक यावा लागतो. अमेरिकेतील लीन बर्च यांचे या विषयातील काम विख्यात आहे. त्याच देशातील क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ पासून काही वर्षे केलेला प्रयोग मला प्रशिक्षणात प्रथम कळला आणि तेव्हापासून तो मी अनेक बैठकांत सांगितला. दूध सोडण्याच्या वयाच्या पंधरा बालकांपुढे चौतीस साध्या पदार्थांतून निवडलेले ताट ठेवायचे, परिचारिकेने चमचा घेऊन शेजारी बसायचे, पण बालकाने बोट दाखविल्याखेरीज काही भरवायचे नाही, आग्रह करायचा नाही, रागवायचे नाही. प्रत्येक बालकाची निवड निराळी झाली, ती दिवसागणिक बदलली, आणि सारी बालके उत्तम वाढली. मात्र या प्रयोगाची मेख पदार्थांच्या यादीत आहे, असे डेव्हिस यांनी स्वतःच बजावून ठेवले आहे: त्या ताटात साखर नव्हती, मैदा नव्हता, जे होते ते सगळेच पथ्याचे होते. निवडीचे स्वातंत्र्य हितकर ठरण्यासाठी ताट वाढणाऱ्याने आपले कर्तव्य आधी पार पाडलेले असावे लागते. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांची माळ ज्या दुकानावर लटकते त्या दुकानाच्या ओट्यावर बसवून मुलाला मनासारखे खाऊ द्या म्हणणे, यात त्या प्रयोगाचा मुळी अर्थच हरवतो. काय वाढायचे हे आईने ठरवावे, किती खायचे हे लेकराने ठरवावे, एवढ्या वाटणीवर मी ठाम राहिले, आणि मोबाइलवरची चित्रे दाखवून बेसावध तोंडात घास सारण्याची जी रीत अलीकडे गावोगाव पोहोचली आहे तिला मी शेवटपर्यंत विरोध केला, कारण त्या रीतीत मूल जेवायला शिकतच नाही.

नांदेडच्या तेलंगणाकडील सीमेवर गेले तेव्हा जेवणाचा नूर बदललेला आढळला. देगलूर-बिलोलीकडे भाताचे प्रमाण अधिक, अंबाडीची भाजी घरोघर, आणि वरणभाताचे लिंबाएवढे गोळे करून लेकरापुढे ओळीने मांडण्याची आज्यांची पद्धत जुनीच होती. ती पाहून मला इतका संतोष झाला की पुढच्या प्रत्येक बैठकीत मी तिचाच दाखला दिला. किनवटच्या डोंगराळ भागात आंध, कोलाम, गोंड वस्त्यांवर काम वेगळे होते. आदिवासी क्षेत्रात एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली आणि तिच्या पुढील टप्प्यात सात महिन्यांवरील बालकांसाठी अंडी-केळी मिळू लागली, तेव्हा मदतनीस ताईंना मी एवढेच विनविले की अंडे सोलून लेकराच्या हाती अख्खे देऊ नका, त्याचे भाग करून समोर ठेवा आणि ते खाऊन होईपर्यंत तिथून हलू नका.

याचे कारण गंभीर आहे आणि ते सांगताना मी कधीही आवाज मऊ केला नाही. आमचा प्रदेश भुईमुगाचा आणि हरभऱ्याचा. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बोर, चिंचोका, उसाची कांडी या वस्तू दोन वर्षांच्या मुलाच्या हाती सहज जातात आणि त्याच वस्तू श्वासनलिकेत अडकतात. तीन-चार वर्षांचे होईपर्यंत दाणा कुटूनच द्यावा, गाजर शिजवूनच द्यावे, बोराची बी काढावी, आणि मूल बसलेले असतानाच खाऊ घालावे. धावताना, निजलेले असताना किंवा रडताना नव्हे. नव्याने खायला शिकणारे मूल उबळ आल्यासारखे करते, खोकते, डोळ्यांत पाणी आणते. तो बहुतेक वेळा शरीराचा स्वतःचा बंदोबस्त असतो आणि तेव्हा घाबरून तोंडात बोट घालू नये. परंतु आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळे पडू लागले तर क्षणाचाही विलंब न लावता एक वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापट्या माराव्या, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावे. वर्षावरील मुलाला थापट्यांनी गुण न आल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत व वरच्या दिशेने दाबावे, आणि कोणीतरी तोवर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हे मी प्रत्येक माता बैठकीत बाहुलीवर करून दाखवीत असे.

इथे माझ्या साऱ्या अनुभवाचे सार एकवटले आहे असे मी मानते. मूल हाताने जेवू लागले म्हणजे आई मोकळी झाली, असा समज पुष्कळांचा होतो, आणि रोजगारावर जाणाऱ्या बाईला तो समज हवाहवासाही वाटतो. परंतु स्वतः जेवणाऱ्या मुलापाशी बसणारे माणूस भरवणाऱ्या माणसाहून अधिक सावध असावे लागते. ते माणूस आणायचे कोठून? पूर्वी ते गल्लीतच मिळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवकडील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्त्यांची, सरळ रांगांची ती गावे मी जवळून पाहिली, आणि पक्क्या घरांचे मोल पुरेपूर जाणूनही मला हे नोंदविले पाहिजे की जुन्या गल्लीत एका ओट्यावर बसून चार घरांची लेकरे सांभाळणारी जी म्हातारी होती, तिला नव्या वसाहतीत चारही घरे नजरेच्या टप्प्यात राहिली नाहीत. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर आजी गावी राहते आणि तान्हे मूल फडात जाते.

निलंगा तालुक्यातील एका गावी सोयाबीन काढणीच्या दिवसांत बायकांनी याचा एक बंदोबस्त आपणहून केला. कामावर जाण्याच्या सामर्थ्यापलीकडे गेलेल्या एका मावशींना बांधावरच्या लिंबाखाली बसवायचे, लहान मुले त्यांच्यापाशी ठेवायची, आणि प्रत्येकीने तिखट न घातलेला एक पदार्थ डब्यात घालून आणायचा. एकीचे घट्ट वरण, दुसरीच्या धिरड्याच्या पट्ट्या, तिसरीचे उकडलेले रताळे, चौथीचे दही एकाच परातीभोवती आले, आणि जे वैविध्य एका घराला रोज साधले नसते ते पाच घरांना विनासायास साधले. पहिल्या हंगामात काही घरांचे डबे जातीच्या कारणाने वेगळे राहिले, याचे मला तीव्र दुःख झाले आणि मी ते बोलून दाखविले. पुढच्या हंगामात मुलांनीच एकमेकांच्या थाळीत हात घालून तो भेद मोडला व मोठ्यांनी तो पुन्हा उभारला नाही. मावशींच्या श्रमाचे काय, असा प्रश्न मी उपस्थित केला तेव्हा, रब्बीची ज्वारी घरी आल्यावर प्रत्येक घराने त्यांना दोन पायली द्यावी असे ठरले, आणि ती सर्वांनी दिली.